‘टायमिंग गेलं ना ताई’: शिलाई मशीनच्या खोट्या सुया आणि खोटी दुरुस्ती

नागपुरात घरी ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको करणाऱ्या बायांनी हे जरूर वाचावं. मामला दिसायला सुईएवढा आहे, पण त्यात माझे अठराशेच्या वर रुपये गेले. एका गिऱ्हाइकाचं जॉर्जेट भरून द्यावं लागलं, ते वेगळंच.

लग्नसराई होती. हातात जॉर्जेटचे ड्रेस, सिल्कचे ब्लाउज आणि संगीताच्या नाचासाठी लायक्राचे टॉप, असं सगळं एकदमच आलं होतं. अशा वेळी एका सुईवर भागत नाही. जॉर्जेट-शिफॉनला ९ किंवा ११ नंबर, सुती ब्लाउजला १४, जीन्सला १६. लायक्रा-होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते. तिचं टोक किंचित गोल असतं, ते धागा छेदत नाही, बाजूला सारून आत जातं. जुन्या बाजारातल्या एका दुकानातून मी ११, १४, १६ आणि बॉलपॉइंट अशी पाकिटं घेतली. पाकिटावर नामांकित परदेशी कंपनीचं नाव. "ओरिजनल आहे ताई, इम्पोर्टेड माल," असं काउंटरवरच्या भाऊंनी छातीठोकपणे सांगितलं.

११ ची सुई लावून जॉर्जेट घेतलं आणि टाके सुटायला लागले. जरा शिवलं की दोरा तुटे, आणि तुटलेलं टोक पिंजल्यासारखं दिसे. शिलाईच्या दोन्ही अंगांना कापडात रेघा ओढल्या गेल्या. सुई उलटी तर बसली नाही ना, ते पाहिलं. दोरा ज्या बाजूने ओवायचा, लांब खाच त्याच बाजूला होती आणि सुई वर टेकेपर्यंत गेलेली होती. दोरा बदलला, ताण कमी-जास्त केला, पाकिटातली दुसरी सुई लावली. गाडी तिथल्या तिथेच.

दुकानात फोन केला तर म्हणाले, मशीनच घेऊन या. तिथल्या मिस्त्रीने चाक हाताने फिरवलं, खाली टॉर्च मारला आणि निकाल देऊन मोकळा झाला. "टायमिंग गेलं ना ताई. शटल घासलं, बॉबिन केसही गेली." (शटल म्हणजे सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंफणारा भाग, बॉबिन केस म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी, आणि टायमिंग म्हणजे सुई-शटलचा मेळ.)

"काहून? मागच्या आठवड्यापर्यंत तर बरोबर चालत होती."

"मशीन आहे, कधीही बिघडते."

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. सुई तळाला जाऊन वर यायला लागते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा एक छोटा फुगा तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडतं. त्यासाठी सुईच्या मागच्या अंगाला, डोळ्याच्या जरा वर, खोलगट भाग केलेला असतो. शटलचं टोक तिथून अगदी लागून जातं. हा भाग ओबडधोबड असला, सुई केसभर वाकडी असली किंवा कापडाला चुकीची असली, की फुगा हुकतो आणि टाका सुटतो. टायमिंग खरंच बिघडलं तरी टाका असाच सुटतो. गिऱ्हाइकाला फरक कळायचा कसा? म्हणून आधी खराब सुई विकायची आणि मग तिनेच सोडलेले टाके दाखवून दुरुस्ती गळ्यात मारायची. दोन्ही कमाया एकाच काउंटरवर.

शटलचे ७५०, बॉबिन केसचे २५०, टायमिंग आणि सर्व्हिसिंगचे ५००, असा हिशेब कच्च्या चिठ्ठीवर लिहून मिळाला. सुयांचे ३६० आधीच देऊन झाले होते. दुकानात मशीन सुरेख चालवून दाखवली. घरी जॉर्जेटही नीट शिवलं गेलं. लायक्राला बॉलपॉइंट लावली आणि पुन्हा तेच रडगाणं. तेव्हा लक्षात आलं, मिस्त्रीने मशीन देताना स्वतःजवळची सुई लावून दिली होती. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिली तर तिच्या दांड्यावर नंबर कोरलेला स्वच्छ वाचता येत होता. माझ्या पाकिटातल्या सुया कोऱ्या करकरीत.

मग मी बॉबिन केस बाहेर काढली. माझ्याकडे दोन मशिनी आहेत. केसांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी एकीवर मरून नेलपॉलिशचा ठिपका लावते. या ‘नव्या’ केसवर ठिपका नव्हता, पण त्या जागी ब्लेडने खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या आणि ताणाच्या स्क्रूशेजारच्या फटीत मरून रंग तसाच अडकलेला होता. माझीच केस, पुसूनपासून मलाच विकलेली! शटलचं काय केलं असेल ते देवच जाणे, जुना भाग त्यांनी परत दिलाच नव्हता.

माझा भाचा हिंगणा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे. त्याने सुया मायक्रोमीटरवर मोजून आणल्या. सुईच्या पाकिटावर ७५/११, ९०/१४, १००/१६ असे जोडीने आकडे असतात. त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११ ची सुई ०.७५ भरायला हवी आणि १६ ची १.०० मिलिमीटर. माझी ११, १४ आणि १६, तिन्ही ०.९० च्या आसपास निघाल्या. एकच माल, पाकिटं तीन! बॉलपॉइंटचं टोकही भिंगाखाली इतर सुयांसारखंच अणकुचीदार होतं. जॉर्जेटमध्ये रेघा का पडल्या याचा उलगडा झाला.

पाकीट हातात घ्याल तेव्हा मागची बाजू वाचा. बाहेरून आणलेल्या बंद पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, नगसंख्या, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या पाकिटावर चकचकीत चिन्ह होतं, बाकी काही नाही. सुई सपाट बाजूने काचेवर ठेवून पाहा. खालची फट टोकापर्यंत एकसारखी दिसली नाही तर ती वाकडी. टोक जुन्या नायलॉन ओढणीवरून हलकेच ओढा, बोथट किंवा खरबरीत असेल तर धागा अडकतो. चांगली सुईसुद्धा आठ-एक तास शिवल्यावर बदललेली बरी. कापडात शिरताना टकटक आवाज यायला लागला तर तेवढीही वाट पाहू नका. आमच्याकडे सुई तुटेपर्यंत वापरायची खोड आहे, तिचा फायदा हेच लोक घेतात.

मशीन दुरुस्तीला न्यायची झाली तर खात्रीची नवी सुई आणि नेहमीचं सुती कापड सोबत न्या, त्यावर टाके सुटतात का ते मिस्त्रीसमोर पाहा, मगच टायमिंगची भाषा ऐका. सुट्या भागांवर आधी खूण करा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. बदललेला जुना भाग तिथेच मागून घ्या. तो द्यायला खळखळ केली की काय ते समजा.

मी चिठ्ठी, पाकिटं आणि बॉबिन केसचे फोटो घेऊन दुकानात गेले. आधी "मावशी, गैरसमज झाला तुमचा," मग "मालक बाहेरगावी आहेत." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्यांना दाखवला, तेव्हा सुयांचे ३६० निमूटपणे काउंटरवर आले. दुरुस्तीच्या पैशांना मात्र "बसवलेला माल परत होत नाही" म्हणून नकार. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही. कागद तयार करून ठेवलेत. याच तऱ्हेची कच्ची चिठ्ठी तुमच्याकडे कुठल्याही दुकानाची असेल, तर ती फाडू नका.