गायक माझ्या गुडघ्यातून गात होता, आता काचेपाशी येऊन बसलाय

नाशिकच्या इंदिरानगर साइडच्या ह्या कार ऑडिओच्या दुकानाला चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

आधी मागचं सांगतो, नाहीतर कळणार नाही मी एवढा का खुश आहे. माझी २०१९ ची स्विफ्ट. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर बसवले होते, म्हणजे दारात वूफर (जाड आवाजाचा) आणि ट्विटर (बारीक आवाजाचा) वेगळा वर डॅशबोर्डवर. नाव नाही घेत त्या दुकानाचं, जाऊदे. तिथल्या माणसाने बास फुल ट्रेबल फुल करून एक डीजेवालं गाणं लावलं, काचा थरथरल्या, मी पैसे देऊन मोकळा. मग एका सकाळी गंगापूर रोडला निवांत चाललो होतो, अभंगाचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं, आणि बुवा माझ्या उजव्या गुडघ्यातून गायला लागले. टाळ उजव्या खिडकीत, पखवाज नुसता ऐकू येतोय पण आहे कुठे पत्ता नाही. बॅलन्स डावीकडे सरकवला की सगळी मंडळी उठून डाव्या दारात, मध्ये कोणी थांबायलाच तयार नाही. दोन वर्षं मी समजत होतो की स्पीकर हलके पडले, आता ह्याच्यापेक्षा महागडे घ्यायला लागणार.

रविवारी मिसळ खाताना मित्राला हे रडगाणं ऐकवलं तर तो म्हणे, "स्पीकर बदलू नको भो, आधी ह्यांना दाखव." म्हणून इंदिरानगर साइडच्या ह्या दुकानात आलो. बाहेरून बघाल तर विश्वास बसणार नाही, सीट कव्हरचे गठ्ठे, मॅट, आणि आत कोपऱ्यात एक लॅपटॉप.

मालकांनी काही विकायच्या आधी विचारलं, "गाडीत जास्त करून कोण बसतं? एकटे चालवता का फॅमिली असते?" मला वाटलं टाइमपास करतायत, पण नंतर कळलं की सगळा खेळ त्याच्यावरच आहे. मग स्वतः ड्रायव्हर सीटवर बसले, माझंच गाणं लावलं आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, बास आला. पूर्ण उजवीकडे नेला, बास आला. मध्ये आणला तर बास गायब! मी दोन वर्षं त्याच बटणाशी खेळत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. "दादा, एक वूफर उलटा जोडलाय." दार उघडलं, टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल काढून वायरींना टेकवला, सेलचा प्लस प्लसला लावल्यावर स्पीकरचा कोन (मधला पडदा) बाहेर यायला पाहिजे, तो टुपकन आत गेला. म्हणजे एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, दोघं मिळून बास खातायत. वायर अदलाबदल, दहा मिनिटांचं काम, आणि ह्याचे पैसे घेतले नाहीत. अर्धं दुखणं तिथेच गेलं.

उरलेल्या अर्ध्याला खर्च आला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजवा स्पीकर कानाजवळ आणि डावा लांब. त्यांच्या पोराने हेडरेस्टपाशी टेप धरून मोजलं, उजवा ट्विटर ८५ सेंटीमीटर, डावा १३५. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे डावीकडचा जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. दीड मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं मीपण म्हणलं, पण कानाचा हिशोब वेगळाय, जो आवाज आधी आला तिकडेच गायक उभा आहे असं तो ठरवून टाकतो. म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवायचं, आणि जवळ असल्यामुळे तो मोठाही वाटतो म्हणून थोडा दाबायचा. ह्याला टाइम अलाइनमेंट म्हणतात. काही आफ्टरमार्केट स्टीरिओत ती सोय आतच असते, माझ्यात नव्हती म्हणून चार चॅनलचा डीएसपी ॲम्प घ्यावा लागला, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा थांबवता, दाबता येणारा ॲम्प्लिफायर.

ट्विटर आधी डॅशवर आकाशाकडे तोंड करून बसवले होते, आवाज काचेवर आपटून मग कानात. ते काढून पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या, बुडाशी आणले, पण लगेच ड्रिल नाही मारलं! डबल टेपने चिकटवून दिले आणि म्हणाले आठवडाभर ऐका, नाही पटलं तर थोडे फिरवू. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. माझ्या गाडीत फक्त पुढच्या दोन एअरबॅग आहेत, पण नव्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर पिलरमध्ये कोणालाही स्क्रू मारू देऊ नका, ती छताच्या कडेने पिलरपर्यंत आलेली असते.

डॅम्पिंगसाठी, म्हणजे पत्रा थरथरू नये म्हणून, दारांना आतून ब्युटाइल (चिकट रबरी) शीट लावली, पत्र्याची मोठी भोकं बंद केली, कुलपाची सळई वाजत होती तिला फोम गुंडाळला. दारातल्या वूफरना ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खोल बासचा, आवाज देणं बंद केलं आणि ते काम डाव्या सीटखाली आधीपासून पडून असलेल्या आठ इंची सबवूफरकडे दिलं. बास सीटखालून येतोय असं वाटत नाही, पुढूनच येतो. एवढा खालचा आवाज कुठून आला हे कानाला नीट पकडता येत नाही, अट एवढीच की दार किंवा सीट खडखडायला नको. मागचे दोन स्पीकर जवळजवळ बंद. मी म्हणलं मागे आई बसते, तर थोडे ठेवले, पण पुढे बसून जाणवणार नाहीत इतकेच.

घ्यायला गेलो त्या संध्याकाळी त्र्यंबक रोडला गाडी बाजूला लावली, इंजिन बंद, तोच अभंग. बुवा डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या थोडं पलीकडे. पखवाज त्यांच्या उजव्या हाताला, माझ्या वायपरच्या टोकापाशी. टाळ डावीकडे, आणि ते एक नाही दोन जण वाजवतायत हे मला पहिल्यांदा कळलं, एक जण अर्धा क्षण मागे असतो. पेटी कुठेतरी मागे दबून होती तिचा भातासुद्धा ऐकू आला. स्पीकर तेच हां, जुनेच.

बायको शेजारी बसली होती, ती म्हणे "मला तर सगळं माझ्या खिडकीतून येतंय." बरोबरच आहे, सगळं माझ्या डोक्याच्या हिशोबाने लावलंय, तिला डावा स्पीकर जवळ आणि उजवा मुद्दाम उशिरा. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर त्यांनी दुसरा प्रीसेट (साठवून ठेवलेलं सेटिंग) भरून दिला, त्यात दोघांना बरं पण दोघांनाही एकदम भारी नाही. आता एकटा असलो की पहिला, ती असली की दुसरा. कधीकधी विसरतो आणि ऐकून घेतो.

आता कापलेला स्टार. चार तासांत देतो म्हणाले, दोन दिवस लागले, आणि मी रिक्षाने अंबडला कामावर. बिल तोंडी "एकतीस हजार सगळं मिळून", ॲम्प किती, डॅम्पिंग किती, मजुरी किती हे तीनदा विचारल्यावर कागदावर आलं. सेटिंग लॉक नाही केलं ते चांगलं, पण लिहूनही दिलं नाही, लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो मीच काढला, तुम्ही पण काढा. रविवारी बंद, गाडी लावायला जागा नाही. आणि जाताना आपली गाणी पेनड्राइव्हमध्ये न्या, त्यांच्याकडची दणदणाट गाणी ऐकून काही ठरवू नका.

डाव्या दाराची एक क्लिप काढताना तुटली, तिथे ८० च्या स्पीडला टिकटिक येते, नेमकी टाळाच्या जागी. क्लिप आली की फोन करतो म्हणालेत, तीन आठवडे झाले.