चौथी वायर लाइटची असते, ताई

आधी आकडा सांगून टाकते, नाहीतर पुढे लिहिता लिहिता लाज वाटून मी तो कमी करीन. कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज घालवायच्या नादात गेले ८,९०० रुपये. तीन पंख्यांचे १,४५० प्रमाणे ४,३५०, ‘साउंडप्रूफ फोम’चे १,२००, सर्व्हिसिंग आणि थर्मल पेस्टचे (प्रोसेसरची उष्णता बाहेर जावी म्हणून लावतात ती) ६५०, व्हिजिटचे ३००, आणि नंतर एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, बदलायचे २,४००. शिवाय माझा चांगला, वॉरंटीतला एसएमपीएस तो उचलून घेऊन गेला. त्याची किंमत यात धरलेली नाही.

‘पंख्याच्या आवाजासाठी एवढे पैसे?’ हे मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून ते एकदाच सांगते. मी घरून ऑडिओबुकसाठी वाचन करते. डोंबिवलीत, वन बीएचकेच्या बेडरूममध्ये. या कामात वाक्यांमधल्या शांत जागी मागचा आवाज रेकॉर्डिंगच्या मोजपट्टीवर उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो, नाहीतर फाइल परत येते. वरचा पंखा बंद, खिडक्या बंद, अंगातून घामाच्या धारा, आणि टेबलाखाली सीपीयूचा डबा घोंघावतोय. दहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आहे, अजून उत्तम चालतो. नवीन मशीन घ्यायची ऐपत असती तर मी जाहिराती बघत बसले नसते. सॉफ्टवेअरने घरघर काढता येते हे मलाही माहीत आहे. जास्त काढली की माणूस पत्र्याच्या डब्यात बसून वाचल्यासारखा ऐकू येतो, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

तर सोशल मीडियावर जाहिरात दिसली. ‘पीसी सायलेंट करून मिळेल, घरपोच सेवा, ९९९ पासून.’ पुढचं तुम्हाला पाठ असेल. फोनवर गोड आवाज, ‘मॅडम’वरून दोन वाक्यांत ‘ताई’, पत्त्याऐवजी ‘आमची टीम सगळीकडे फिरते’, आणि ९९९ चं घरी आल्यावर काहीच्या काही. ज्याच्या दुकानाला पत्ता नाही त्याला घरात घेऊ नका, एवढं वाक्य वाचून पुढचं सोडून दिलंत तरी चालेल.

माणूस आला तो नीटनेटका. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर हत्यारांची बॅग. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन काहीतरी केलं आणि म्हणाला, “आता बघा.” अ‍ॅपवर ५८ डेसिबल. डबा असा गर्जत होता की शेजारच्या काकू बघायला आल्या. मी म्हटलं, एरवी एवढा आवाज नसतो हो. तर म्हणे, “लोडवर एवढाच असतो ताई, तुमच्या कानाला सवय झालीये.” आता कळतंय, त्याने सगळे पंखे फुल स्पीडवर टाकले होते. ‘आधीचा’ आकडा जितका मोठा, तितका ‘नंतरचा’ चमत्कार मोठा. आणि मोबाइलचा माइक काही मोजमापाचं यंत्र नव्हे. डब्याला चिकटवून धरला की एक आकडा, हात मागे घेतला की दुसरा. कुणी तुमच्यासमोर असं मोजायला लागलं तर आधी मोबाइल स्वतःच्या हातात घ्या.

मग बॅगेतून पंखे निघाले. तपकिरी आणि बदामी रंगाचे. ज्यांना या विषयाचं वेड आहे ते रंगावरूनच ओळखतात, नॉक्टुआ, ऑस्ट्रियाची कंपनी. मीही व्हिडिओ बघून बघून ओळखायला शिकले होते. त्यांचा १२० मिलिमीटरचा चांगला पंखा आपल्याकडे अडीच हजारांच्या वर जातो. हा १,४५० ला देत होता. “बल्कमध्ये येतात, म्हणून.” खोक्यावर ठसठशीत छापलेलं, पीडब्ल्यूएम.

आता ऐका. पंखा माझ्या हातात होता. मी उलटा करून बघितला. वायरच्या टोकाला तीन छिद्रं. तीन वायरी. काळी, लाल, पिवळी. आणि पीडब्ल्यूएम म्हणजे चार वायरी, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच आठवड्यात वाचलं होतं. चौथ्या वायरीतून मदरबोर्ड, म्हणजे डब्यातला मुख्य बोर्ड, पंख्याला सांगतो की किती जोरात फिरायचं. ती नसेल तर तो पीडब्ल्यूएम पंखाच नव्हे, मग खोक्यावर काहीही छापा. मी तोंडाने विचारलं, “याला तीनच वायरी कशा?” तो क्षणभरही थांबला नाही. “चौथी वायर लाइटची असते, ताई. हा बिनलाइटचा पीस आहे.”

आणि मी गप्प बसले. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की हे वाक्य ऐकू येतं मला. उत्तर खोटं आहे हे माहीत असताना ते इतक्या सहज आलं की मला माझ्याच वाचनाचा संशय आला. आपल्याकडे बाईने वायरीबद्दल विचारलं की समोरचा हसून उत्तर देतो आणि आपण ते ऐकून घेतो. शाळेपासून तेच शिकवलेलं असतं. त्यामुळे ‘तू विचारलं का नाहीस’ म्हणणाऱ्यांनी नीट वाचा, मी विचारलं होतं.

बाकीच्या खुणा नंतर एकेक करून सापडल्या. खऱ्या पंख्याच्या वायरींवर काळं आवरण असतं. त्या मॉडेलवर ०.१४ अँपिअर लिहिलेलं असतं, माझ्या स्टिकरवर ०.३०. खऱ्यात पात्याचं टोक आणि चौकट यांत अर्धा मिलिमीटर फट असते, माझ्यात करंगळीचं नख आरामात जात होतं. कंपनीची वॉरंटी ६ वर्षांची, मला कागदावर बॉलपेनने ‘६ महिने’ लिहून मिळाली. पण हे सगळं कंपनीच्या साइटवर जाऊन शोधल्यावर. समोर माणूस बसलेला असताना कोण साइट उघडतं?

मी चहा टाकायला आत गेले. घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही का? तेवढ्यात ‘थर्मल पेस्ट बदलून झाली’.

बाहेर आले तर खरंच शांत. डब्याच्या आत काळा फोम चिकटवलेला, अ‍ॅपवर ३४. मला रडू येईल इतका आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बिल मागितलं, तर “पक्कं हवं असेल तर वर १८ टक्के जीएसटी”. ६,५०० वर १,१७० रुपये होतात. कुणी दिले असते, हात वर करा. क्यूआर स्कॅन केला तर भलत्याच बाईचं नाव आलं. “आमच्या मालकीणबाई.” पैसे गेले. स्क्रीनवर आलेलं नाव आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसत नसेल तर पिन टाकायच्या आधी थांबा. पिन टाकल्यावर सगळं जग तुम्हाला एकच वाक्य ऐकवतं, ते खाली येईलच.

काही दिवसांतच फाइल एक्स्पोर्ट करताना मशीन धापा टाकायला लागलं, मग आपोआप बंद पडायला लागलं. फोन केला, तर स्वारी हसत हजर. “एसएमपीएस लोड घेत नाहीये ताई, उरलेली घरघर पण त्याचीच आहे.” नवा ‘सायलेंट’ ५०० वॅटचा एसएमपीएस, २,४००, जुना घेऊन जाणार. माझा जुना म्हणजे नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र), अजून दीड वर्ष वॉरंटी शिल्लक. जाता जाता त्याने फोमचा एक तुकडाही काढला, “हवेला जागा.” मशीन चाललं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

शेवटी भाच्याने डबा उघडला. तो इंजिनिअरिंगला आहे. आधी पोट धरून हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. “मावशी, हे पंखे मदरबोर्डला जोडलेलेच नाहीत.” एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी वायर १२ व्होल्टची असते आणि लाल ५ व्होल्टची. पठ्ठ्याने तिन्ही पंखे लाल वायरीवर टाकले होते. १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर फिरवला की तो कुठल्याही कंपनीचा असो, गप्पच होतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे ऐकणाऱ्याला जादूच. माझे जुने पंखे तसे जोडले असते तरी तेच झालं असतं, फुकट. त्यातला एक पंखा तर कधीकधी सुरूच होत नव्हता, बोटाने ढकलावा लागायचा. बाजूच्या जाळीवर फोम लावल्याने हवा कोंडलेली, हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, त्याखालची पेस्ट जुनीच, खडूसारखी वाळलेली. प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता, म्हणून धाप. म्हणजे आधी त्यानेच मशीन तापवलं आणि मग बंद पडतंय म्हणून त्यानेच २,४०० घेतले.

‘सायलेंट’ एसएमपीएसचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली आणखी एक स्टिकर, वॅटचा आकडा त्याहून कमी. आत काय आहे ते बघू दिलं नाही भाच्याने, आणि तुम्हीही बघू नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

मग सुरू झाली दुसरी कहाणी. पेमेंट अ‍ॅपवर तक्रार केली. उत्तर: ‘व्यवहार आपण स्वतः पिन टाकून केला आहे.’ तक्रार बंद. हेच ते वाक्य. बँकेत गेले, निदान ज्या खात्यात पैसे गेले त्याचा पत्ता द्या म्हटलं. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेले. आधी बँकेकडून खातेदाराची माहिती आणा. मी दोघांची वाक्यं दोघांना सांगितली, दोघांनीही मान डोलावली. जणू काही मी त्यांना एकमेकांची खुशाली कळवत होते.

ठाण्यातले साहेब पंखा हातात घेऊन फिरवत म्हणाले, “फिरतोय की.” पुढे म्हणे, “माल दिला, काम केलं, तुम्हीच दार उघडून आत घेतलं. यात गुन्हा कुठे? हा दिवाणी मामला. ग्राहक मंचात जा.” मी घरून वाचून गेले होते. म्हटलं, साहेब, खोटं सांगून पैसे उकळणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि पोटकलम ४ तर दखलपात्र आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच आरोपी. “खातं बाहेरच्या शहरातलं दिसतंय, आमची हद्द नाही.” हद्दीची पर्वा न करता गुन्हा नोंदवायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हेही म्हटलं. “मग तुम्हीच लिहा ना एफआयआर.” शेजारचा हवालदार हसला. अर्ज घेतला, पोच मागितली तेव्हा शिक्का सापडेना. मी शिक्का सापडेपर्यंत तिथून हलले नाही, तेवढं एक केलं. अर्ज कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली तर कळवलं की ही जाहिरात त्यांच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.

ग्राहक आयोगाचं कागदावर चांगलं आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता बँकेकडे. बँकेला पोलिसांचं पत्र हवं. पुढचं तुम्हीच पूर्ण करा.

तुमचे पैसे ऑनलाइन ठगाने काढले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा, तिथे वेळच महत्त्वाची. दुकानदाराने किंवा कंपनीने फसवलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. पण बिल हातात हवं. ते १८ टक्के भरा. मी १,१७० वाचवले आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक बॉलपेनची चिठ्ठी आहे.

आवाज शेवटी कसा गेला, तेही लिहिते. पेस्टची ट्यूब ३५० ला, दोन साधे पण बिलासकट घेतलेले चार वायरींचे पंखे ६५० प्रमाणे १,३००. एकूण १,६५०. हीटसिंकमधली धूळ रंगकामाच्या ब्रशने काढली. धूळ झटकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. बायोसमध्ये ६० अंशांपर्यंत पंखे ४० टक्क्यांवर, त्यापुढे हळूहळू चढते. डबा टेबलाखालून काढून कपाटाच्या पलीकडे ठेवला, तीन मीटरची यूएसबी वायर टाकली. फोम सगळा ओरबाडून काढला, गोंद अजून चिकटतो. त्याच्या एसएमपीएसवर मशीन ठेवायची छाती झाली नाही, म्हणून नवा घेतला, ३,१००, तोही बिलासकट.

फाइल आता पास होतात. जाहिरात अजून चालू आहे, नाव बदललंय आणि ९९९ चे १,२९९ झालेत. खाली माझा अनुभव लिहिला तर तो उडवून मलाच ब्लॉक केलं.

आणि एक. माझ्या जुन्या एसएमपीएसचं खोकं आणि मूळ बिल माझ्याकडे आहे, खोक्यावर सीरियल नंबर आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात कुणी तुम्हाला सेकंडहँड ४५० वॅटचा ब्रॉन्झ डबा ‘खोकं हरवलं’ म्हणून स्वस्तात देत असेल, तर पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडे बिल मागा आणि डब्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.