सायकलने सीमापार, एका दिवसात: डॅन्यूब, ऱ्हाइन की पारेंझाना?

जोडीने सायकलवरून सीमा ओलांडायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, किती किलोमीटर झेपतील? तो जरा मागे ठेवा. आधी हे बघा, की अर्ध्या वाटेत एकाचा गुडघा बोलायला लागला तर दोघं परत कसे येणार. नवरा-बायकोचा दम सारखा असतो असं फार क्वचित घडतं. परतीची सोय नसली की मागे पडणाऱ्याला आपण अडचण झालोय असं वाटत राहतं आणि पुढचा दर वळणावर थांबून कंटाळतो. म्हणून खालचे तिन्ही मार्ग आम्ही परतीच्या हिशोबानेच तोललेत.

पासाऊ ते श्लोगेन (जर्मनी–ऑस्ट्रिया)

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. तिथून डॅन्यूबच्या काठाने श्लोगेनपर्यंत सुमारे 40 किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. पासाऊच्या थोडं खाली गेलं की नदीच सीमा होते: डावा काठ जर्मनी, उजवा ऑस्ट्रिया. हे योखेनश्टाइनच्या पुढपर्यंत चालतं, मग दोन्ही काठ ऑस्ट्रियाचे.

अंतर मोजायला फोन लागत नाही. काठावर नदीच्या किलोमीटरच्या पाट्या आहेत आणि ते आकडे मुखापासून उलटे मोजलेले असल्याने खाली जाताना कमी होत जातात. पासाऊला 2226च्या आसपास, योखेनश्टाइनच्या धरणाशी 2203, श्लोगेनला 2187. थकलेल्या जोडीदाराला "आता थोडंच राहिलंय" म्हणण्यापेक्षा पाटी दाखवावी.

काठ कोणता घ्यायचा? डाव्या काठावर ओबर्नत्सेलपर्यंत सायकलची वाट वेगळी आहे, पण शेजारून हमरस्ता जातो आणि गाड्यांचा आवाज साथ सोडत नाही. योखेनश्टाइननंतर मात्र हाच काठ शांत होतो. उजव्या काठावरही वेगळी वाट आहे आणि त्या बाजूला पासाऊपासून लवकरच ऑस्ट्रिया लागतो. जमल्यास उजव्या काठाने निघा, मध्येच फेरीबोटीने डावा गाठा.

या मार्गाची खरी ताकद फेरीबोटींत आहे. ओबर्नत्सेल ते कास्टन अशी एक फेरीबोट आहे, पुढे एंगेलहार्ट्सत्सेलला आणखी एक. योखेनश्टाइनच्या धरणावरून सायकल हातात धरून पलीकडे जाता येतं, पण तो रस्ता त्या दिवशी खुला आहे ना, ते आधी बघून घ्या. थोडक्यात, 15, 23 किंवा 25 किलोमीटरवर मन बदललं तरी काठ बदलून वेगळ्या वाटेने परतता येतं. गेलो त्याच रस्त्याने आलो, असं होत नाही.

पूर्ण श्लोगेन गाठायचं असेल तर वाऱ्याचा विचार करा. या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा. जाताना तो पाठीवर असतो, म्हणून 40 किलोमीटर अडीच-तीन तासांत सहज संपतात आणि माणूस स्वतःच्या तब्येतीवर खूश होतो. येताना तोच वारा तोंडावर येतो. यावर उपाय म्हणजे परतीला जहाज. हंगामात श्लोगेनहून पासाऊला प्रवासी जहाजं जातात. प्रवाहाविरुद्ध जायचं असल्याने तीनेक तास धरा. योखेनश्टाइनच्या लॉकमध्ये, म्हणजे धरणाशेजारच्या बंद हौदात पाणी भरून, जहाज सुमारे 10 मीटर वर उचललं जातं, त्या वेळी डेकवरच थांबा. सायकलचं तिकीट वेगळं असतं आणि जागा मोजक्या, शिवाय जहाज रोज असेलच असं नाही. म्हणून आधी जहाजाची वेळ पक्की करा आणि त्यावरून निघायची वेळ काढा.

एक चूक इथे हमखास होते. श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी फिरते आणि त्या वळणावर डाव्या काठाची वाट आऊ गावापाशी संपते. पलीकडे जायला सायकलची छोटी फेरीबोट आहे, पण ती साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आणि उजेड असेपर्यंतच. ती चुकली तर मागे नीडररानाच्या पुलापर्यंत यावं लागतं, आणि तोवर श्लोगेनचं जहाज गेलेलं असतं. वेळेबद्दल शंका असेल तर नीडररानालाच पूल ओलांडून उजव्या काठाला लागा. श्लोगेनला तासभर हातात असेल तर सायकली खाली कुलूप लावून ठेवा आणि वरच्या कठड्यापर्यंत पायी चढा. वळण संपूर्ण दिसतं ते तिथूनच.

म्युनिकहून पासाऊ प्रादेशिक गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, दोघांना स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच चालतं आणि सायकलचं तिकीट त्यात धरलेलं नसतं.

स्ट्रासबुर्ग–केल (फ्रान्स–जर्मनी)

पहिल्यांदाच जाणाऱ्या किंवा 25 किलोमीटरच्या पुढे खात्री नसलेल्या जोडप्याने हाच मार्ग घ्यावा. शहरातून ऱ्हाइनकाठच्या बागेत या. तिथला 2004चा पूल फक्त पादचारी आणि सायकलींचा आहे. पलीकडे केल. थोडं उत्तरेला 2017मध्ये सुरू झालेला ट्रामचा पूल आहे, त्यावरूनही सायकल जाते. एवढंच करून परतलात तरी सीमा ओलांडली.

पूर्ण फेरी करायची तर केलहून जर्मन काठाने दक्षिणेला आल्टेनहाइमपर्यंत जा, 2002मध्ये झालेल्या प्येर फ्लिमलँ पुलावरून फ्रान्समध्ये या आणि ऱ्होन-ऱ्हाइन कालव्याच्या काठाने स्ट्रासबुर्ग गाठा. सगळी मिळून चाळीसेक किलोमीटर. जर्मन बाजूला पूरबांधावर बरीच वाट खडीची आहे, 32 मिलिमीटरपेक्षा बारीक टायर तिथे नको. कालव्याची वाट डांबरी आणि झाडांच्या सावलीची, म्हणून ती दुपारसाठी राखून ठेवा. दमदार जोडप्याने पुलावर न वळता कापेलपर्यंत जावं. तिथून पलीकडे फ्रान्समधल्या ऱ्हिनाउला जाणाऱ्या फेरीबोटीला पैसे पडत नाहीत. सगळी चक्कर मग 70 किलोमीटरच्या पुढे जाते.

उणीव एकच. डॅन्यूबचे डोंगर इथे नाहीत, सगळं सपाट. काहींना तिसऱ्या तासाला ते कंटाळवाणं होतं.

त्रिएस्ते–पिरान (इटली–स्लोव्हेनिया)

पारेंझाना ही 1902 ते 1935 चाललेली, रुळांमध्ये 760 मिलिमीटर अंतर असलेली छोटी रेल्वे. तिच्या मार्गावर आता सायकलची वाट आहे. तिन्हींत सगळ्यात देखणी हीच, आणि परतीला सगळ्यात अवघडही हीच. त्रिएस्तेहून बाहेर पडणारा रस्ता औद्योगिक वस्तीतून जातो. तो टाळायला मुज्जापर्यंत बोटीने जा, मात्र सायकलींची जागा थोडी असते. पुढे श्कोफिये, कोपर, इझोला, पोर्तोरोज, पिरान अशी 30 ते 35 किलोमीटर. रेल्वेचा चढ 2.8 टक्क्यांच्या वर नसल्याने दम लागत नाही, पण इझोलानंतर तो लांबत जातो. पिरानला रेल्वे नाही. कोपरला आहे, पण ती ल्युब्लियानाकडे जाते. म्हणजे जेवढं गेलात तेवढंच पायडल मारून परत. दोघांपैकी एकालाही शंका असेल तर इझोलालाच मागे वळा. कोपर-इझोला हा गाड्यांना बंद केलेला समुद्रकाठचा रस्ता तोवर झालेला असतो, आणि दिवसाचं सार्थक तिथेच आहे. पुढे गेलात तर बोगदे लागतात, दिवे चालू ठेवा.

तिन्हीकडे मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, आत सीमा ओलांडल्याने सिंगल एंट्री व्हिसा संपत नाही. पण या देशांनी गेल्या काही वर्षांत तात्पुरती तपासणी लावलेली आहे, आणि फोनमधला फोटो पुरत नाही.

सायकल ताब्यात घेताना

आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. इथे साधारणपणे डावा ब्रेक पुढचा. उतारावर सवयीने डावा करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. दुकानासमोरच दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघा. काही सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. त्यांवर थांबण्याआधीच पायडल वर आणून ठेवायचं, नाही तर निघताना पाय अडतो. सीटची उंची अशी ठेवा की टाच सर्वांत खालच्या पायडलवर असताना गुडघा सरळ होईल. गुडघे दुखतात ते बहुधा सीट खाली असल्यामुळे.

पंक्चरसाठी पॅच, टायर लिव्हर आणि पंप घ्या, आणि पंप त्या व्हॉल्व्हला बसतो का हे तिथेच लावून पाहा. भाड्याच्या बऱ्याच सायकलींना मागच्या चाकात हब-गिअर, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यात बंद असलेला गिअर, असतो. ते चाक काढायच्या भानगडीत पडू नका, गिअरची केबल परत जुळवताना तास जातो. सायकल आडवी ठेवा, टायरची एकच कड सोडवा, पंक्चरजवळची ट्यूब ओढून बाहेर काढा, घासा, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबा आणि मग पॅच दाबा. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काच किंवा काटा तिथेच राहिलेला असेल तर दहा मिनिटांत हवा पुन्हा जाते, आणि रविवारी या तिन्ही मार्गांवर सायकलचं दुकान उघडं मिळेल याची आशा धरू नका.