सिल्व्हर ईगल: नाणं एकच, बिल मात्र राज्यागणिक वेगळं

अमेरिकेत राहून चांदी घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या कार्टमध्ये आधी पडतं ते अमेरिकन सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं चांदीचं नाणं. नाणं म्हणून ते खणखणीत आहे. १९८६ पासून निघतंय. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम वजन, ९९९ शुद्धता, ४०.६ मिलिमीटर व्यास. २०२१ च्या मध्यात मागच्या बाजूचं चित्र बदललं आणि कडेच्या रेघांमध्ये एका जागी मुद्दाम खंड सोडला गेला. नवं नाणं हातात आलं की आधी कड भिंगाखाली फिरवून तो खंड शोधावा, मग वजन आणि व्यास मोजावा. दोष एकच, पण चिडचिड करायला लावणारा: काही नाण्यांवर कालांतराने दुधी ठिपके उमटतात. ते पुसायला जाऊ नये, घासलेल्या नाण्याचा भाव आणखी पडतो.

खरी अडचण नाण्यात नाही, सेल्स टॅक्समध्ये आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर दुकान दुसऱ्या राज्यात असलं तरी टॅक्स लागतो तो डिलिव्हरीच्या पत्त्याप्रमाणे. त्यामुळे हे नाणं घेण्याजोगं आहे का, याचं उत्तर पिनकोडसारखं बदलतं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण नीट बघा, कारण तिथे लोक हकनाक पैसे घालवतात. एकाच व्यवहारात २,००० डॉलर किंवा जास्त किमतीची नाणी आणि सोन्या-चांदीचं बुलियन (विटा, लगडी) घेतलं तर टॅक्स माफ. १ जानेवारी २०२३ पूर्वी ही मर्यादा १,५०० होती. समजा चांदी ३० डॉलर औंस आणि ईगल ३६ ला आहे. ५५ नाण्यांचे होतात १,९८० डॉलर, त्यावर किमान ७.२५ टक्क्यांनी १४३.५५ डॉलर टॅक्स. ५६ वं नाणं टाकलं की बिल २,०१६ आणि टॅक्स शून्य. म्हणजे एक नाणं जास्त घेऊन एकूण खर्च १०७ डॉलरने कमी होतो.

पण इथेच एक फसगत होते. ३६ हा भाव बऱ्याचदा कार्डाचा असतो. चेक किंवा वायरने पैसे दिले तर साधारण ४ टक्के सूट मिळते. सूट लागली की ५६ नाण्यांचं बिल १,९३५ वर येतं आणि माफी हातची जाते. ३४.५६ च्या भावाने २,००० गाठायला ५८ नाणी लागतात. त्यापेक्षा सरळ ६० घ्या: टांकसाळीच्या नळीत २० नाणी येतात, तीन नळ्या अखंड मिळतात आणि पुढे विकतानाही बऱ्या पडतात. कॅप्सूल, डब्या या किमती मर्यादेत धरू नका, त्यांच्यावर टॅक्स लागतोच. आणि ऑर्डर तोडून दोन बिलं करू नका. माफी व्यवहारागणिक असते, महिन्याची बेरीज कोणी करत नाही.

न्यू यॉर्कचा नियम जास्त बारीक आहे. रक्कम १,००० डॉलरच्या वर हवी, शिवाय चांदीच्या नाण्याची किंमत त्यातल्या चांदीच्या १४० टक्क्यांपेक्षा जास्त नको. चांदी ३० ला असेल तर वरची हद्द ४२ डॉलर. ३६ चा साधा ईगल बसतो. ६० डॉलरचं एमएस-७० ग्रेडचं (निर्दोष ठरवलेलं) नाणं किंवा महागडं प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेलं चकचकीत नाणं) बसत नाही. चांदी महिनाभरात घसरली आणि दुकानाने प्रीमियम (चांदीच्या किमतीवर घेतलेली जादा रक्कम) तसाच ठेवला, तर काल बसणारं नाणं आज हद्दीबाहेर जाऊ शकतं. म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा स्पॉट भाव (चांदीचा बाजारातला चालू दर) बघूनच गुणाकार करावा. ग्रेड केलेल्या नाण्यांचा नाद असेल तर न्यू यॉर्कच्या पत्त्यावर ती मागवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

मिनेसोटात तर गंमतच उलटी: ९९९ शुद्धतेच्या विटा आणि राउंड (नाण्यासारख्या गोल चकत्या, पण चलन नसलेल्या) माफ, नाण्यांवर मात्र टॅक्स. तिथे ईगल घेऊ नये, सरळ राउंड घ्यावेत. प्रीमियमही कमी पडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १,००० डॉलरची पायरी आहे. टेक्सासमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून कसलीच मर्यादा नाही, दोन नाणी घ्या नाहीतर ५०० ची पेटी. फ्लोरिडाने १ ऑगस्ट २०२५ पासून ५०० डॉलरची जुनी अट काढून टाकली.

वारं एकाच दिशेचं नाही, हेही ध्यानात असू द्या. मेरीलँडने १ जुलै २०२५ पासून माफी जवळपास गुंडाळली, वॉशिंग्टन राज्याने १ जानेवारी २०२६ पासून. दुकानांच्या संकेतस्थळांवरचे तक्ते अशा वेळी मागे राहतात. राज्याच्या महसूल खात्याचं पान वाचा आणि पैसे भरण्याआधी कार्टमध्ये पत्ता टाकून टॅक्सची ओळ तपासा.

सेल्स टॅक्स नसलेल्या ओरेगॉनमधल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून घरी आणायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. टॅक्स लागू असलेल्या राज्यात माल आणला की यूज टॅक्स (न भरलेल्या सेल्स टॅक्सच्या जागी लागणारा कर) तुम्ही स्वतः भरायचा असतो. डेलावेअरच्या तिजोरीत ठेवण्याचा पर्याय वेगळा: तिथे सेल्स टॅक्स नाही, नाणी तिथेच राहिली तर प्रश्न नाही. भाडं मात्र दरवर्षी द्यावं लागतं, त्यामुळे पाच-दहा नाण्यांसाठी तो खटाटोप नकोच.

थोडीथोडी खरेदी करणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे. कॅलिफोर्नियात पाच-पाच ईगल घेत राहिलात तर दर नाण्यामागे ६ डॉलर प्रीमियम आणि वर २.६१ डॉलर टॅक्स जातो. चांदी सुमारे २९ टक्के वाढली तरच नुसत्या चांदीच्या भावाने विकून मुद्दल सुटतं. पैसे साठवा आणि मर्यादा ओलांडेल इतकी एकदम घ्या. नफ्यात विकताना केंद्राचा कर वेगळा आहेच: वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या अशा नाण्यांवर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो. खरेदीचं बिल जपून ठेवा, कारण भरलेला सेल्स टॅक्स खरेदीच्या किमतीत धरता येतो.