भाद्रपदात ‘काल उतरवलेला’ मध

गणपतीला गावी जाताना कणकवलीच्या अलीकडे हायवेला चहाला थांबलो. टपरीशेजारी ताडपत्रीखाली एक जण बाटल्या मांडून बसला होता. मागे पाटी : ‘जंगली मध. शुगर, किडनी, मुतखडा.’ आमच्या आप्पांना मधुमेह जुना, क्रिएटिनीन (किडनी किती थकली ते सांगणारा रक्तातला आकडा) ३.१, आणि डॉक्टरांनी डायलिसिसचा विषय नुकताच काढलेला. ती पाटी मी दोनदा वाचली आणि त्याने ते बरोबर हेरलं.

पाण्याच्या ग्लासात थेंब सोडला, तो सरळ तळाशी जाऊन बसला. काडी मधात बुडवून पेटवून दाखवली. ‘कुत्र्यापुढे ठेवा, तोंड लावणार नाही.’ मग आवाज खाली आणून, ‘दादा, कालच उतरवलाय. घरात पेशंट कोण?’ मी सगळं सांगून बसलो. बाराशेची एक बाटली, तीन बाटल्यांचा कोर्स. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मोठे चमचे आणि वर रोज एक शहाळं, ‘किडनी आतून धुऊन निघते.’ इन्सुलिन म्हणे हळूहळू कमी करायचं. छत्तीसशे मोजून मी गाडीत बसलो तो खुशीत.

सतराव्या दिवशी आईचा फोन. आप्पांच्या पायात जोर नाही, छातीत धडधडतंय. दवाखान्यात साखर ४१०, रक्तातलं पोटॅशियम ६.३, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं चढलेलं. लगेच ईसीजी, सलाईन, आणि रात्रभर मॉनिटरकडे बघत बसणं.

मला वाटलं मधानेच पोटॅशियम चढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं नाही. मोठ्या चमचाभर मधात ते दहा-अकरा मिलिग्रॅम, म्हणजे काहीच नाही. साखर मात्र सतरा ग्रॅम. चार चमचे म्हणजे दिवसाला अडुसष्ट ग्रॅम साखर आपण मधुमेह्याला औषध म्हणून पाजत होतो. पोटॅशियम आलं शहाळ्यातून. पेलाभर पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आणि थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. त्यात इन्सुलिन कमी केलं की पेशींतलं पोटॅशियमही रक्तात येऊन साचतं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना लोक शहाळंच घेऊन जातात, कोणाला शंका येणार! साखर ताब्यात आल्यावर चहाचा एक चमचा मध चालेल म्हणाल्या, तोही त्यातली सहा ग्रॅम साखर जेवणाच्या हिशेबात धरून.

वाडीत एक काका सातेरी मधमाशीच्या पेट्या ठेवतात. त्यांना बाटली दाखवली तर त्यांनी झाकणही उघडलं नाही. ‘अरे झिला, पावसात माशी सोताच उपाशी, ती तुका मध खंयसून दितली?’ पावसाळ्यात ते स्वतः पेट्यांना साखरेचा पाक घालतात. मध काढायचा तो उन्हाळ्यात. ग्लासातल्या थेंबाचं म्हणाल तर घट्ट पाकही तसाच तळाला बसतो. पुढे बाटलीच्या बुडाशी साखरेसारखा थर धरला तेव्हा आई म्हणाली, बघ, पकडला! काकांनी तेही खोडलं, खरा मधही थिजतो. मध डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतही सहज नाही. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या पर्यावरण संस्थेने २०२० साली तेरा ब्रँडचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, तर तीनच पास झाले.

पण लेबल तर मला वाचता येत होतं. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो, याचे आकडे मोजले तर अकरा. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हे मी मोजलं-वाचलं कधी, तर आप्पा घरी आल्यावर.

बाटलीवरचा फोन बंद आहे. परतताना ताडपत्रीच्या जागी नुसते चार खड्डे होते. आप्पांचं क्रिएटिनीन आता ३.९ आहे. तिसरी बाटली फोडलेली नाही, अन्न व औषध प्रशासनाकडच्या तक्रारीसोबत द्यायला ठेवलीय.