वाफेचं मशीन छान आहे, पण अण्णांचा खोकला त्याने गेला नाही (३ स्टार)

दादर वेस्टला स्टेशनजवळच्या एका मेडिकलमधून घेतलं, ३२० रुपये, निळं प्लॅस्टिकचं, वर नाकातोंडाला लावायचा मास्क. अण्णांचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा खोकला पाच आठवडे चालला होता, कोरडा, रात्री पाठ टेकली की सुरू, आणि आमची परळची चाळ, भिंतीपलीकडचे पण सकाळी गॅलरीत विचारायला लागले की अण्णा बरे आहेत ना, शेवटी वैतागून घेतलं.

आधी मशीनबद्दल. पहिल्या दिवशी पाणी भरलं, बटण दाबलं, पंधरा मिनिटं झाली तरी वाफेचा पत्ता नाही. परत घेऊन गेले तर दुकानातला म्हणतो ताई चिमूटभर मीठ टाका. टाकलं आणि दोन मिनिटात भसाभस वाफ! या स्वस्तातल्या मशीनमध्ये गिझरसारखी कॉइल नसते, दोन पट्ट्या असतात आणि करंट पाण्यातूनच जातो, आपल्याकडे भातसा-तानसाचं पाणी येतं त्यात क्षार कमी, म्हणून मीठ लागतं. पण चिमूटभर म्हणजे चिमूटभरच हं, दुसऱ्या दिवशी माझा हात सैल सुटला तर पाणी उकळून बाहेर आणि घरभर अंधार. पाणी संपलं की आपोआप बंद पडतं हे एक बरंय. पण चालू असताना त्या पाण्यात करंट असतो, प्लग काढल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि हे बॉक्सवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. बाम वगैरे आत टाकू नका, प्लॅस्टिक खराब होतं. वायर तर इतकी आखूड की बोर्डाखाली उकिडवं बसावं लागतं, पंच्याहत्तरीच्या माणसाने कसं बसायचं सांगा.

सर्दीला मात्र मस्त. माझं नाक चोंदलं होतं, पाच मिनिटात मोकळं, तेवढ्यापुरतं का होईना. पातेल्यावर टॉवेल घेऊन बसण्यापेक्षा बरं वाटलं, लहानपणी माझ्या भावाच्या मांडीवर ते पातेलं उलटलेलं, डाग अजून आहे. तरी लेकीला मी एकटीला मशीनपाशी बसू देत नाही.

अण्णांना दहा दिवस दिली वाफ, वर मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने सिरपच्या दोन बाटल्या. खोकला जिथल्या तिथे. मग माझ्या डोक्यात टीबी घुसला, मुंबईत कोणाच्या नाही घुसणार. आणि ते चूक पण नाही, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायचीच असते, पालिकेच्या दवाखान्यात फुकट होते, मी उगाच पाच आठवडे काढले. रिपोर्ट निगेटिव्ह, एक्सरे क्लीन.

मग छातीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत. दिवाळीनंतर बीपीची गोळी बदललेली, रॅमिप्रिल. झालं, तिथेच सापडलं! या गोळीने ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साठतं आणि घशात सारखी खवखव होते, सगळ्यांना नाही होत, पण ज्यांना होते त्यांना वाफ, सिरप, आल्याचा रस, कशानेच फरक पडत नाही. गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली, तीनेक आठवड्यात खोकला हळूहळू गेला. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका हं, बीपी चढेल, डॉक्टरांनाच बदलू दे.

मी त्यांना विचारलं की मग वाफेने काय होतं? म्हणाले नाक-घसा ओला होतो, शेंबूड पातळ होतो, बस. आठ आठवड्यांच्या वर खोकला गेला की बहुतेक वेळा नाकातून घशात उतरणारं पाणी, दमा नाहीतर ॲसिडिटी यातलंच काहीतरी निघतं. छातीत शिट्टी न वाजता नुसता खोकलाच असलेला दमा पण असतो म्हणे, मला माहितीच नव्हतं. सिरप लहान मुलांना मनाने अजिबात नको म्हणाले, २०२५ मध्ये छिंदवाड्याला भेसळीच्या सिरपने मुलं गेली ते आठवतंय ना. मध पण वर्षाच्या आतल्या बाळाला नाही द्यायचा.

जाता जाता त्यांनी घरातल्या धुराचं विचारलं. आमच्याकडे सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री मच्छरची कॉइल, आणि समोरच्या रिडेव्हलपमेंटची धूळ खिडकीतून. कॉइल बंद करून जाळी लावली, कोरडा झाडू मारायच्या आधी ओलं फडकं फिरवते, अण्णांना फ्लूची लस दिली, ती दरवर्षी घ्यावी लागते. खिडकीवर कबुतरांना दाणे टाकायचे अण्णा, ते बंद करायला मात्र भांडण झालं. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसाला सूज येते, त्यावरूनच २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला, हे सांगितल्यावर कुठे ऐकले. म्हणाले "आधी नाही का सांगायचं".

सर्दीसाठी घेणार असाल तर बिनधास्त घ्या. वायर अजून हातभर लांब असती तर चौथा स्टार पण दिला असता.