डिस्पोजलची जीप: चासी वाचावी, रंग खरवडावा की कागद काढावेत?

डिस्पोजलची, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालाच्या विक्रीतली, जुनी जीप दाखवणारा माणूस टायरवर चप्पल आपटत हमखास सांगतो, ‘बर्माची आहे, साहेब.’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर राबलेली. असेलही. पण १९४५ नंतर ती कुठं राबली हे शोधायचं तर साक्षीदार तीनच: चासी, रंग आणि कागद. माझा हिशेब साधा आहे. अर्धा तास चासीला, चार रविवार रंगाला, कागद शेवटी.

चासीचं काम स्वस्तात होतं. रॉकेलची चिंधी, तारेचा ब्रश आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. युद्धातली जीप विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांची. रेडिएटरखालचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज एमबी, चौकोनी असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डनं तर बोल्टांच्या डोक्यांवरही आपला ‘एफ’ उमटवला होता. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या दांड्यावर ठोकलेला असतो. विलीजचा मात्र रिव्हेट मारलेल्या पट्टीवर, आणि पट्टी काय, छिन्नीच्या दोन घावांत एका गाडीवरून दुसरीवर जाते. इंजिन नंबरवर विसंबू नका. मूळचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं हा आपल्याकडच्या गॅरेजांचा जुनाच धंदा. आणि बॉनेट उंच, चौकोनी डोक्याचं दिसलं तर नमस्कार करून उठा. ती महिंद्राची सीजे-३बी. गाडी झकास, पण महायुद्धाशी तिचा संबंध नाही.

चासी फक्त जन्म सांगते. पुढची नोकरी कळते ती रंगातून.

एका मित्राच्या जीपचं बॉनेट आम्ही ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासत होतो. हातात पेपर, शेजारी पाण्याचा मग. आधी बाजारू लाल गेला, मग पिवळा, मग करडा प्रायमर, आणि खाली तो मातकट गडद हिरवा. त्यात पांढरी कड दिसली. तळव्याएवढा भाग घासायला पाऊण तास लागला, तेव्हा कुठं ‘२०’ वाचता आलं. अमेरिकन सैन्यात जीपचा नोंदणी क्रमांक २० पासूनच सुरू होई. ‘एम’ अक्षर निघालं असतं तर गाडी ब्रिटिश खात्यावर. वर टोक केलेला बाण निघाला असता तर पुढं ती आपल्या फौजेतही राबली असावी. मधला पिवळा कुणाचा, ते अजून कोडंच आहे. शिवाय बॉनेट सहज बदलता येतं, त्यामुळे हा इतिहास बॉनेटचा की गाडीचा, हे चासी नंबरशी ताडून बघावं लागतं.

फ्रान्समधून आलेल्या जीपला एवढा खटाटोप नको. तिथल्या सैन्यानं माल्तुर्नेच्या कार्यशाळेत जीपा पार सुट्या करून पुन्हा बांधल्या आणि तशी पट्टीही ठोकली. गंमत अशी, की त्याच बांधणीत विलीज, फोर्ड आणि फ्रेंच हॉचकिसचे भाग एकमेकांत मिसळले. तिथं पट्टी खरी, चासीचा पुरावा कच्चा.

कागदांचं मला फारसं कौतुक नाही. आरसी बुक गाडी नागरी हातात आल्यापासूनच बोलतं, आणि निर्मितीवर्षाच्या रकान्यात कित्येकदा नोंदणीचंच वर्ष दिसतं. त्याआधीची वाटही एक नव्हती. १९४६ मध्ये अमेरिकेनं इथला उरलेला माल भारत सरकारला दिला आणि तो डिस्पोजलमधून विकला गेला. उलट १९४८ च्या जीप प्रकरणात, कृष्ण मेनन लंडनला हायकमिशनर असताना, दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा परदेशातून मागवल्या. ठरल्या २०००, पोचल्या १५५, त्याही बिनकामाच्या निघाल्या. म्हणजे इथं सापडलेली प्रत्येक जीप बर्मा बघून आलीच असेल असं नाही.

तरी कागद टाकून देऊ नका. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, रोजच्या वापरालाही ती नेता येत नाही. डिझेलवाली घेणाऱ्यानं हे सौद्याआधीच बघावं.

आणि वाळूच्या माऱ्यानं रंगाचे सगळे थर उडवणाऱ्या सँडब्लास्टिंगवाल्याला आगाऊ रक्कम देऊन झाली असेल, तर निदान बॉनेट तेवढं आजच घरी आणून ठेवा.